पोटाचं डायलिसिस घरी करायचं: हाताने पिशव्या की सायकलर?

वाशिष्ठीकाठ | ८ जून, रात्री १०:१५

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बाबा ६४ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. मधुमेह वीस वर्षांचा. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात, लघवी मात्र अजून बऱ्यापैकी होते. आम्ही गुहागर तालुक्यातल्या गावात राहतो. रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा चिपळूणला जायचं म्हणजे जाता-येता पूर्ण दिवस मोडतो, आणि पावसाळ्यात रस्त्याचा काही भरवसा नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं तेव्हा डायलिसिसवाल्यांचं काय झालं असेल, हा विचार आता डोक्यातून जात नाही.

कराडच्या डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं, म्हणजे पोटात नळीतून औषधी पाणी भरायचं आणि काही तासांनी काढायचं. पोटात नळी बसवायची तारीखही मिळाली. आता दोन पर्याय आहेत. दिवसातून चार वेळा हाताने पिशवी बदलायची, किंवा रात्री सायकलर, म्हणजे पाणी आपोआप भरणारं-काढणारं यंत्र, लावून झोपायचं. नातेवाईक म्हणतात, यंत्र घ्या, माणसाच्या हातून चूक होते. आईला यंत्राची भीती वाटते. घरात आई, मी आणि माझा बारावीतला भाऊ. वीज पावसाळ्यात कधी दोन तास जाते, कधी दोन दिवस.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. पोटात जंतुसंसर्ग कशात कमी होतो? रक्त कशाने जास्त साफ होतं? आणि आमच्यासारख्या घरात काय टिकेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

---

निशिगंध | ८ जून, रात्री ११:५०

ताई, मी स्वतः सायकलरवर आहे, तीन वर्षं झाली. वय ३६, पुण्यात नोकरी.

माझी रात्र अशी असते. साडेनऊला दारं-खिडक्या लावते, पंखा बंद करते, मास्क घालते, घड्याळ-बांगड्या काढून हात धुते. पिशव्या तपासते: ताकद (पाण्यातल्या साखरेचं प्रमाण), मुदत, पाणी स्वच्छ आहे ना, दाबल्यावर कुठून गळत नाही ना. मग यंत्रात कॅसेट, म्हणजे नळ्यांचा संच, बसवायची, पिशव्या जोडायच्या, यंत्र नळ्यांतली हवा काढून घेतं, आणि शेवटी माझी नळी जोडायची. हे सगळं अर्ध्या तासात होतं. दहाला पाठ टेकते, सकाळी सातला सुटते. रात्रभरात यंत्र चार-पाच वेळा पाणी भरतं आणि काढतं, मिळून दहा लिटरच्या आसपास. दिवसा मी मोकळी. नोकरी टिकली ती यामुळेच.

त्रासही सांगते. पहिले दोन महिने झोप अशी लागलीच नाही. नळीवर कूस वळली की गजर. पाणी पूर्ण निघालं नाही की गजर. शेवटचं पाणी ओढलं जाताना ओटीपोटात खेचल्यासारखी कळ यायची. डॉक्टरांनी कार्यक्रम बदलून थोडं पाणी पोटातच राहील असं केलं, तेव्हा ती थांबली. बद्धकोष्ठता झाली की पाणी अडतं, हे तर कुणीच आधी सांगितलं नव्हतं. आतडं भरलेलं असलं की नळीवर दाब येतो, कधी ती जागेवरून सरकते. आता पोट साफ होण्याचं औषध मी चुकवत नाही.

विजेचं म्हणाल तर मी साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला, तोही कंपनीच्या माणसाला यंत्राची गरज विचारून. पण तुमच्याकडे दोन दोन दिवस वीज जाते. सायकलर घेतला तरी हाताने बदलायला शिकल्याशिवाय घरी जाऊ नका. मलाही आधी तेच शिकवलं होतं, आणि दोनदा कामी आलं.

---

कृष्णाकाठ | ९ जून, सकाळी ७:३०

आम्ही सांगलीचे. आईचं हाताने चालायचं, साडेचार वर्षं चाललं.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सगळ्यांना आठवत असेल. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आमच्या तळमजल्यात पाणी आलं, वीज नव्हती, आम्ही वर दुसऱ्या मजल्यावर. आईची खोकी आम्ही पहिल्याच दिवशी वर नेली होती, धान्याच्या आधी. खिडकीच्या गजाला पिशवी अडकवली, रिकामी पिशवी खाली वर्तमानपत्रावर ठेवली. वरून पाणी पोटात, पोटातून खाली. लागतं ते फक्त उंचीचं अंतर. मेणबत्तीच्या उजेडात नळी जोडायला मन धजत नव्हतं, म्हणून बॅटरी धरून मी शेजारी उभा राहायचो. हात धुवायला उकळून गार केलेलं पाणी आणि सॅनिटायझर. त्या आठवड्यात एकही फेरी चुकली नाही.

आता दुसरी बाजू. दिवाळीत घरात पाहुणे होते. दुपारची पिशवी बदलताना कुणीतरी दार उघडून आत आलं, आई बोलायला वळली आणि नळीचं उघडं टोक तिच्या पदराला लागलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, आपल्यामुळे सणात खोळंबा नको म्हणून. दोन दिवसांनी पोटात दुखायला लागलं आणि निघालेलं पाणी ताकासारखं गढूळ. जवळच्या दवाखान्यात जुलाबाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. एक अख्खा दिवस त्यात गेला. शेवटी किडनीच्या डॉक्टरांकडे ती गढूळ पिशवी घेऊनच गेलो. पाणी तपासलं, पोटातून प्रतिजैविक सुरू झालं, आई वाचली आणि नळीही वाचली. पण तो वाया गेलेला दिवस मला अजून टोचतो.

ताई, आईला आणि भावाला आजच सांगून ठेवा. टोकाला काही लागलं तर लपवायचं नाही. आणि पिशवी गढूळ दिसली तर थेट तुमच्या पीडी (पोटाच्या डायलिसिसच्या) केंद्राला फोन, मधे कुठेही थांबायचं नाही.

---

सह्यकडा | ९ जून, दुपारी १:०५

माझं मत वेगळं आहे. ६४ वर्षं, वीस वर्षांचा मधुमेह, म्हणजे नजर आणि बोटांची संवेदना दोन्ही कमी असणार. माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर उजव्या हातात कंप होता. दिवसातून चार वेळा त्यांनी नळी जोडणं म्हणजे चार वेळा धोका. सायकलर घेतला आणि ते काम आईकडे गेलं, रात्री एकदा जोडायचं, सकाळी एकदा सोडायचं. काही यंत्रांत रात्रीची सगळी नोंद थेट रुग्णालयात पोचते, पाणी कमी निघतंय हे आमच्या आधी तिकडे कळायचं. चार जोडण्यांपेक्षा एक जोडणी सुरक्षित, याला अभ्यास कशाला लागतो?

---

फिरती_परिचारिका | ९ जून, रात्री ९:२०

पीडी विभागात चौदा वर्षं काम करते, लोकांच्या घरी जाऊन शिकवते. जरा सविस्तर लिहिते, कारण वरचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

सह्यकडा म्हणतात ते तर्काला पटतं. पण सायकलरवर माणसाची नळी एकदाच जोडली जात असली तरी दोन-तीन मोठ्या पिशव्या यंत्राच्या नळ्यांना जोडाव्या लागतात. जंतूंना ती दारंही आहेतच. दोन्ही पद्धतींची थेट तुलना करणाऱ्या चाचण्या फार थोड्या. २००७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने त्या एकत्र तपासल्या तर तीनच निघाल्या, रुग्ण मिळून दीडशेच्या आत. जंतुसंसर्ग, मृत्यू, रुग्णालयात भरती, कशातच ठोस फरक दिसला नाही. सायकलरवाल्यांना कामाला, घरच्यांना आणि चार माणसांत मिसळायला जास्त वेळ मिळतो, एवढं एका चाचणीत दिसलं. म्हणून 'संसर्ग कमी होईल' या एका कारणासाठी मी कुणाला यंत्र घ्यायला सांगत नाही. ज्याचे हात थरथरतात आणि घरात एकच माणूस रात्री मोकळा असतो, त्याला मात्र जरूर सांगते. सह्यकडांच्या वडिलांसाठी निर्णय बरोबरच होता.

संसर्ग खरा कमी झाला तो नळीच्या रचनेमुळे. सुरुवातीच्या काळात एकेरी नळी होती. पिशवी टोचली की टोकावरचे जंतू पाण्याबरोबर सरळ पोटात जायचे. १९८० च्या दशकात इटलीतून वाय आकाराची नळी आली. जोडल्यावर आधी पोटातलं पाणी बाहेर काढायचं, नव्या पाण्याने नळी धुऊन ते रिकाम्या पिशवीत सोडायचं, आणि मग पोटात भरायचं. टोकाला काही चिकटलं असेल तर ते बाहेर जातं. आजची जुळी पिशवी, म्हणजे भरलेली आणि रिकामी एकाच नळीला जोडलेली, त्याच तत्त्वावर चालते. म्हणून 'नळी धुण्याची' ती पाच-दहा सेकंदं घाईत गाळायची नाहीत. सराव झालेले लोक सहा महिन्यांनी नेमकं हेच गाळतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आंतरराष्ट्रीय पीडी संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात केंद्रातल्या पोटाच्या संसर्गाचं प्रमाण माणशी वर्षाला ०.४० प्रसंगांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलंय, म्हणजे साधारण अडीच वर्षांत एक. तुमच्या केंद्राला त्यांचा आकडा विचारा. चांगलं केंद्र तो मोजतं आणि सांगतंही. यंत्र कोणत्या कंपनीचं यापेक्षा हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

यंत्राचे स्वतःचे धोकेही माहीत हवेत. पोट नीट रिकामं झालं नाही, गजर झाला, आणि झोपेत कुणी तो टप्पा ओलांडून पुढे जायचं बटण दाबलं, तर उरलेल्या पाण्यावर नवं पाणी चढतं. पोट तट्ट फुगतं, धाप लागते, हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने याबद्दल इशारे दिलेले आहेत. असं झालं तर भरणं थांबवून हाताने पाणी काढायचं, ते कसं करायचं हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. यंत्र आणि पलंग साधारण एका पातळीत ठेवायचे. आणि गजर आला की आधी दिवा लावायचा, बटण त्यानंतर.

आता रक्त कशाने जास्त साफ होतं ते. हे पोटाच्या आतल्या पडद्यावर, पेरिटोनियमवर ठरतं. सुरू झाल्यावर चारेक आठवड्यांनी पीईटी नावाची तपासणी करतात. दोन लिटर पाणी चार तास पोटात ठेवून किती क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ) बाहेर आलं आणि किती साखर आत गेली ते मोजतात. काहींचा पडदा जलद असतो. पाण्यातली साखर पटकन शोषली जाते, पाणी ओढायला काही उरत नाही, उलट पोटातलं पाणीच अंगात मुरतं. अशांना रात्रीच्या छोट्या छोट्या फेऱ्या, म्हणजे सायकलर, फार उपयोगी. ज्यांचा पडदा संथ असतो त्यांना लांब मुक्काम लागतो, त्यांना हाताच्या चार फेऱ्या मानवतात.

आणखी एक, जे यंत्र विकणारा सहसा सांगत नाही. पाणी पोटात गेल्यावर पहिल्या तासाभरात शरीरातलं पाणी फार बारीक छिद्रांतून येतं, मीठ त्यातून येत नाही. मीठ मागून सावकाश येतं. फेऱ्या भराभर झाल्या तर पाणी निघतं आणि मीठ अंगात राहतं. मग तहान लागते, रक्तदाब चढतो. सायकलरवर असलेल्या माणसाने मिठाकडे जास्तच पाहिलं पाहिजे. लोणचं, पापड, सुकी मासळी. कोकणातल्या घरात हे बोलणं सोपं नाही, जाणते मी.

'जास्त पिशव्या म्हणजे जास्त आयुष्य' असंही समजू नका. मेक्सिकोत ९६५ रुग्णांवर ॲडेमेक्स नावाची चाचणी झाली, २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला चार वेळा दोन लिटर, दुसऱ्याला वाढवून. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. बाबांची लघवी शिल्लक आहे ना? ती सोन्यासारखी जपा. डॉक्टरांना न विचारता दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, जुलाबात अंग कोरडं पडू देऊ नका. लघवी आहे तोवर काहींना दिवसाला तीनच फेऱ्या पुरतात. खर्चही वाचतो आणि हातांनाही विश्रांती.

---

वाशिष्ठीकाठ | १० जून, सकाळी ६:४५

सिस्टर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. नळी धुण्याचं तिने दोनदा वाचायला लावलं. बाबांच्या साखरेचं काय होईल? पाण्यातच साखर असते म्हणता.

---

फिरती_परिचारिका | १० जून, रात्री ८:१०

हो, साखर अंगात जाते. पिशव्या दीड, अडीच आणि सव्वाचार टक्क्यांच्या येतात. जितकी ताकद जास्त तितकं पाणी जास्त निघतं आणि साखरही जास्त शोषली जाते. इन्सुलिन डॉक्टर बदलून देतील. सव्वाचारची पिशवी सूज आली की मनाने लावायची नाही. रोज सकाळी वजन आणि रक्तदाब लिहा, त्यावरून ताकद ठरते.

लांब मुक्कामासाठी आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी मिळते, तिच्यात ग्लुकोज नसतं. मधुमेहींना ती बरेचदा देतात. तिच्याबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. आयकोडेक्स्ट्रिन अंगात फुटून माल्टोज होतं, आणि साखर मोजण्याच्या काही पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या त्यातल्या. खरी साखर साठावर घसरलेली असते आणि यंत्र दोनशे दाखवतं. घरचे इन्सुलिन वाढवतात, आणि माणूस बेशुद्ध होतो. यात माणसं दगावली आहेत. ही पिशवी बंद केल्यावरही दोनेक आठवडे असर राहू शकतो. तुमच्या ग्लुकोमीटरची पट्टी चालते का हे पिशवी लावण्याआधी लेखी विचारा, आणि बाबा दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेले तर तिथल्या नर्सला पहिल्या वाक्यात सांगा. पिशव्या की सायकलर या भांडणापेक्षा या एका पट्टीची भीती मला जास्त वाटते.

जेवणाचंही बदलेल. या पाण्यातून रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं जातात. किडनीचा रुग्ण म्हणून डाळ-अंडी-मासे तोडून टाकू नका, आहारतज्ज्ञांकडून प्रमाण ठरवून घ्या.

---

हडसनपार | १० जून, रात्री ११:३०

न्यू जर्सीहून. मावशी इथे सायकलरवर आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

तिच्याकडे मांजर होतं. पीडीच्या नर्सने घरी आल्यावर पहिलं तेच पाहिलं. सायकलरची नळी लांब असते, रात्रभर जमिनीजवळून जाते, कोमट असते. मांजर ती चावतं, आणि त्याच्या तोंडातला पाश्चुरेला नावाचा जंतू सरळ पोटात. वैद्यकीय नियतकालिकांत अशा नोंदी पुष्कळ आहेत. मांजर आता रात्री दुसऱ्या खोलीत असतं. कोकणातल्या घरात मांजर असणारच, म्हणून लिहिलं.

दुसरं, साठा. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टर कंपनीचा कारखाना पाण्याखाली गेला. सलाईनबरोबर पीडीचं पाणीही तिथेच बनायचं. पुढचे कित्येक आठवडे पिशव्या मोजून मिळत होत्या. इतक्या श्रीमंत देशात ही वेळ आली. हाताने करा की यंत्राने, पिशव्या संपल्या तर दोन्ही थांबतात. तुमचा पुरवठा कुठून येतो आणि घाट बंद झाला तर कुठून येईल, हे जूनमध्येच विचारून ठेवा.

---

सह्यकडा | ११ जून, सकाळी ८:००

सिस्टर, पिशव्या जोडण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आई रोज तीन पिशव्या जोडायची, मी त्या मोजतच नव्हतो. पाणी चढण्याचा प्रकार आमच्याकडे एकदा झालाय. बाबांना धाप लागली, आम्हाला वाटलं हृदयाचा झटका. पाणी काढल्यावर दहा मिनिटांत बरे झाले. कारण आज कळलं.

ताई, मत थोडं बदलतो. बाबांची नजर आणि बोटं आधी तपासून घ्या, मग ठरवा.

---

वाशिष्ठीकाठ | १७ ऑगस्ट, दुपारी ४:२०

उशिरा लिहितेय, माफ करा. जूनअखेर नळी बसली, दोन आठवडे जखम भरू दिली, मग कराडला राहून प्रशिक्षण घेतलं. केंद्राला संसर्गाचा आकडा विचारला. तिथल्या सिस्टर थोड्या चकित झाल्या, पण वही काढून दाखवली, ०.४० च्या खाली आहे. बाबांची नजर तपासली, डाव्या डोळ्याने कमी दिसतं. म्हणून जोडायचं काम आई आणि मी करतो, भाऊ राखीव. तिघांचीही परीक्षा घेतली त्यांनी, आईला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले.

सध्या हाताने, दिवसाला तीन फेऱ्या. देवघराशेजारची लहान खोली रंगवून घेतली. तिथे पंखा नाही, दाराला आतून कडी, बाहेर पाटी. पिशवी कोरड्या उष्णतेच्या पॅडवर कोमट करतो. गरम पाण्यात बुडवायची नाही हे प्रशिक्षणात शिकलो, ओल तोंडाशी राहिली की जंतू येतात. नळीच्या जागी रोज मलम. बाबा ज्या हाताने गाडीची लॉगशीट लिहायचे त्याच हाताने आता वही लिहितात: भरलं २०००, काढलं २३५०, पाणी स्वच्छ, वेळ. खाली सही करतात.

पीईटी मागच्या आठवड्यात झाली. पडदा मध्यमापेक्षा जरा जलद निघाला. लघवी कमी झाली की सायकलरचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले. तोवर हातानेच.

जुलैत सलग एकतीस तास वीज नव्हती. आम्हाला तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला.

एक अडचण आहे. महिन्याची खोकी म्हणजे जवळपास दोनशे किलो. ओटीवर रचली होती, तर खालच्या थरातल्या पुठ्ठ्याला ओल धरली. आतल्या पिशव्यांचं बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत आहे. त्या वापराव्यात का?

---

फिरती_परिचारिका | १७ ऑगस्ट, रात्री ९:४०

वेष्टण शाबूत, पिशवी दाबून गळत नाही, पाणी नितळ, मुदत आहे, तर साधारणपणे चालतात. तरी आधी केंद्राला फोटो पाठवून होकार घ्या. बुरशीचा ठिपका किंवा वेष्टणाच्या आत बाहेरून ओल शिरल्यासारखी दिसली तर ती पिशवी बाजूला काढा, पुसून घेऊ नका.

खोकी जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून वीतभर सोडा, आणि नवीन आलेली मागे, जुनी पुढे.

---

कृष्णाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०:०५

आम्ही दोन बाकं जोडून त्यावर ठेवायचो. आईची ती बाकं अजून आहेत घरात. कराडला येणं होतंच तुमचं, तिथून सांगली लांब नाही. हवी असतील तर घेऊन जा, मी टेम्पोचं बघतो.